थोडं सरका न!

ड्रायव्हर उर्मट वागला तर त्याचं लायसन तपासायला घ्यावं का? मुंबईत कुणाला विचारलं तर प्रश्न पुरा व्हायच्या आत "घ्यायलाच पाहिजे" असं उत्तर येतं. वऱ्हाडातल्या दर्यापूरच्या बसस्टँडसमोर विचारलं तर उत्तराआधी प्रतिप्रश्न येतो, "काहून? कोनाचा पोरगा हाये थो?" या प्रतिप्रश्नापाशी १९८८ चा मोटार वाहन कायदा जरा घुटमळतो. त्यातल्या कलम १९ ला ड्रायव्हर कुणाचा पोरगा आहे याच्याशी काही कर्तव्य नाही. ड्रायव्हरला आपलं म्हणणं मांडू द्यावं, कारणं लेखी नोंदवावीत, आणि मग लायसन काही काळ थांबवावं किंवा पार रद्द करावं, एवढाच अधिकार ते कलम अधिकाऱ्याला देतं. सरकारी मराठीत लायसनला 'अनुज्ञप्ती' म्हणतात. "त्याची अनुज्ञप्ती निलंबित झाली" असं स्टँडवर कुणी म्हणालं, तर ऐकणारा हळहळून "कोनत्या दवाखान्यात हाये?" असंच विचारील. भाषेचं असो. माझं म्हणणं वेगळं आहे. वागणुकीची तक्रार आली की लायसन तपासायचं, ही पद्धत वाईट नाही. पण तिच्या जाळ्यात बहुधा भलताच मासा सापडतो. ज्याच्यामुळे जीव जायचा, तो ड्रायव्हर फार गोड बोलतो. त्यामुळे त्याच्याविरुद्ध तक्रार येत नाही. आणि ज्याच्याविरुद्ध येते, त्याचा दोष पुष्कळदा एवढाच असतो की खरं होतं ते तो जरा मोठ्यानं बोलला.

कुठलं वागणं लायसनावर बेततं, ते केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम २१ मध्ये दिलं आहे. पंचवीसेक बाबींची ही यादी भाड्याच्या काळी-पिवळी गाडीत बसून, गाडी सुटायची वाट बघत वाचावी. वाचून दोनदा उजळणी होते. गाडी चोरणं, प्रवाशाला मारणं, प्रवाशाला पळवून नेणं, इथपर्यंत स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर निर्धास्त असतात. पुढे मात्र यादी घरात शिरते. दुसऱ्या गाडीत चढणाऱ्या माणसाला अडथळा करणं हा गुन्हा आहे. अंजनगावच्या गाडीकडे निघालेल्या माणसाची पिशवी प्रेमानं हातातून घ्यायची, आपल्या गाडीच्या टपावर टाकायची, की माणूस पिशवीमागं आपोआप येतो, हा इथला स्वागताचा रिवाज त्यात गेला. विनाकारण रेंगाळून प्रवासाला उशीर करणं हाही गुन्हा आहे. म्हणजे अर्धा तास "निघून राहिली, निघून राहिली" म्हणत इंजिन गुरगुरत ठेवणं गेलं. सगळ्यांत जवळच्या रस्त्यानं न नेणं हासुद्धा गुन्हाच. म्हणजे म्हातारीच्या गुडघ्यांवर दया करून गाडी तिच्या दारापर्यंत नेणं गेलं. गाडी चालवताना धूम्रपान नको, असंही यादी सांगते. पण तिला तंबाखू-सुपारीचा खर्रा ठाऊक नाही. खर्ऱ्यातून धूर निघत नाही, म्हणून तो नियमात बसतो. आणि खर्रा तोंडात असेतो ड्रायव्हरला उर्मट बोलताच येत नाही, म्हणून तो सौजन्यातही बसतो. मग याच यादीत, या सगळ्यांच्या खांद्याला खांदा लावून, एक बाब येते: प्रवाशांशी, आणि प्रवासी होऊ इच्छिणाऱ्यांशी, असभ्य वागणं. दर्यापूरहून येवद्याला पोचेपर्यंत एखादा ड्रायव्हर या यादीतले सात-आठ गुन्हे सहज उरकतो, पण तक्रार झालीच तर ती फक्त या शेवटच्या गुन्ह्याची होते.

याचं कारण शोधायचं तर रंगापासून सुरुवात करावी. काळी-पिवळी मुंबईतही आहे आणि वऱ्हाडातही आहे. रंग एक, स्वभाव दोन. मुंबईची ती जुनी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून कायमची उतरली तेव्हा लोकांनी डोळे पुसले. पण ती रस्त्यावर होती तेव्हा याच लोकांची तिच्याबद्दल एक जुनी रड होती, ती म्हणजे ड्रायव्हर "नही जायेगा" म्हणतो. कायद्यालाही हीच रड माहीत आहे. भाडं नाकारणाऱ्याला दंड करणारं कलम १७८ त्यासाठीच आहे, आणि नियम २१ मध्येही पहिलं भाडं नाकारू नये असं बजावलेलं आहे. आता हे कलम घेऊन दर्यापुरात यावं. इथल्या ड्रायव्हरनं भाडं नाकारल्याचं उदाहरण शोधायला दिवा घेऊन फिरावं लागेल. गाडी भरलेली आहे, मागच्या शिडीवर तिघं उभे आहेत, टपावर तुरीची पोती आणि पोत्यांवर पोतीवाला आहे, आणि फाट्यावर कुणी हात केला तर गाडी थांबतेच. मुंबईचा गुन्हा 'नाही' म्हणण्याचा, वऱ्हाडचा गुन्हा 'नाही' न म्हणता येण्याचा. कायद्यात सहापर्यंत प्रवाशांची ती मोटार कॅब आणि सहाच्या वर पण बारापर्यंतची ती मॅक्सी कॅब. कायद्याच्या लेखी 'मॅक्सी' बाराला संपते. वऱ्हाडात बाराला गाडी भरायला सुरुवात झाली असं धरतात. ज्या दुखण्यावर औषध काढलं ते दुखणं इथं नाही, आणि जे इथं आहे ते रोग्याला दुखत नाही.

धोका आणि उद्धटपणा एकत्र बांधायची ही गफलत आजची नाही. लंडनमध्ये घोड्याच्या भाडोत्री गाड्यांसाठी १८४३ साली जो कायदा झाला, त्यात बेफाम हाकणं, दारू पिऊन हाकणं आणि अपमानकारक भाषा वापरणं, या सगळ्यांची एकाच कलमात मोट बांधली होती. घोडा अंगावर घालणारा आणि "दिसत नाही का?" म्हणणारा, दोघं एकाच माळेचे मणी. आपल्याकडे १८७९ च्या हॅकनी कॅरेज कायद्यानं नगरपालिकांना भाड्याच्या गाड्यांसाठी नियम करायचा अधिकार दिला. पुढे घोडे गेले, मोटारी आल्या. माळ तशीच राहिली. लंडनपुरतं ते चूक होतं असंही म्हणवत नाही. तिथं ड्रायव्हर आणि प्रवासी एकमेकांना अनोळखी. उतरल्यावर पुन्हा तोंड दिसायचं नाही. अनोळखी माणसाच्या सज्जनपणाची हमी द्यायला सरकारी बिल्लाच लागतो. तिथल्या काळ्या टॅक्सीवाल्याला चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या टापूतले पंचवीसेक हजार रस्ते पाठ करावे लागतात, त्या परीक्षेला 'नॉलेज' म्हणतात. दर्यापूरच्या ड्रायव्हरचं नॉलेज रस्त्यांचं नसतं, कारण रस्ता एकच असतो, तोही कधी कधी. त्याला माणसं पाठ असतात. कुणाची लेक खोलापुरात दिली आहे, कोण वडनेर गंगाईच्या फाट्यावर उतरून वळण घेतो, कोणाचे पैसे परतीच्या फेरीत मिळणार आहेत, हे त्याला तोंडपाठ असतं. अशा माणसानं आवाज चढवला तर तो ड्रायव्हर म्हणून चढवला की मामा म्हणून, हे ठरवायला परिवहन अधिकाऱ्याआधी भावकी बसवावी लागेल.

आता मुख्य मुद्द्याकडे. गाडी भरते कशी, ते नीट पाहावं. मागच्या समोरासमोरच्या बाकड्यांवर चार-चार बसतात. मधल्या शीटवर चार. इथपर्यंत दांडगाईचा प्रश्न येत नाही, कारण लोक आपणहून बसतात. खरी कारागिरी पाचव्यापासून. पाचवा बसवायचा तर बसलेल्या चौघांनी प्रत्येकी चार बोटं आकसायला हवं, आणि माणूस दटावल्यानं आकसत नाही, फुगतो. म्हणून ड्रायव्हर खिडकीतून वाकतो आणि मधाळ आवाजात म्हणतो, "थोडं सरका न मावशी, तुमच्यासारख्याईनंच जागा द्याव." ही विनंती नाही, ही मावशीच्या मोठेपणाला घातलेली हाक आहे, तिच्यापुढे मावशीचा इलाज चालत नाही. असाच सहावा बसतो. पुढे ड्रायव्हरच्या डावीकडे दोघं आणि, हे लिहिताना पेनही थोडं सरकतं, उजवीकडे एक. म्हणजे ड्रायव्हर आणि त्याचं दार यांच्यामध्ये. आता ड्रायव्हर गाडीच्या मध्यावर आणि स्टिअरिंग त्याच्या समोर नाही, उजव्या बगलेकडे. गिअरचा दांडा कुणाच्या तरी दोन गुडघ्यांच्या मधोमध. "दादा, पाय" म्हटल्याशिवाय दुसरा गिअर पडत नाही. ज्या गाडीचा गिअर 'दादा' म्हटल्यावर पडतो, तिचा ड्रायव्हर उर्मट असूच शकत नाही. उर्मट ड्रायव्हर पहिल्याच गिअरमध्ये येवद्याला जाईल. ड्रायव्हरच्या हाताला वा नजरेला अडथळा होईल असं कुणाला बसू देणं, हाही नियम २१ मधला गुन्हाच. आणि तो साखरेच्या पाकात घोळल्याशिवाय करताच येत नाही.

हा गोडवा चालतो तो रस्ताही विसरू नये. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर अंथरलेलं डांबर तिच्याबरोबर वर-खाली होतं, म्हणून रस्त्याला आपोआप लाटा येतात. दर्यापूर या नावातला दर्या कुठला, अशी शंका काढणाऱ्यानं भरल्या काळी-पिवळीत मागच्या बाकड्यावर बसून पाहावं. अशा रस्त्यावर टपावर पोती आणि शिडीवर माणसं घेतलेली गाडी वळणावर कलते तेव्हा तिला सावरायला दोन मोकळे हात, दोन मोकळे पाय आणि एक मोकळा आरसा लागतो. ड्रायव्हरचा एक हात शेजाऱ्याच्या पाठीमागून आलेला असतो, ब्रेकजवळ कुणाचीतरी डब्याची पिशवी असते आणि आरशात नवरदेवाच्या आत्याचा अंबाडा. तरीही तक्रार होत नाही. का होईल? सगळे एकमेकांना सांभाळून बसलेले, ड्रायव्हरनं प्रत्येकाला नात्यानं हाक मारलेली. उलट एखादा ड्रायव्हर मोजून बारा घेतो आणि तेराव्याला "जागा नाई, दुसऱ्या गाडीत बस" म्हणून तोडून टाकतो; तो तेरावा मात्र खवळतो. माजला आहे, असं त्याचं मत पडतं. अर्ज लिहिला जातो तो या माणसाविरुद्ध. आणि गंमत अशी की भाडं नाकारलं, असभ्य बोलला, हे दोन्ही आरोप कागदावर शोभूनही दिसतात.

म्हणून मी म्हणतो की तक्रार ही चीड मोजते, धोका मोजत नाही. चीड आणि धोका एकाच वेळी उठले असते तर काहीच बिघडलं नसतं. पण ते उठत नाहीत. जादा माणसं घेणारा ड्रायव्हर प्रत्येक जादा माणसाला खूश करतो, आणि खूश माणूस अर्ज लिहीत नाही. शिवाय तक्रार करायची तर पुरावा लागतो. गाडीचा नंबर हवा. तो शिडीवर उभ्या असलेल्यांच्या पायांनी झाकलेला असतो. साक्षीदार हवेत, ते भरपूर असतात, हीच अडचण आहे. अर्जदारानं अठरा साक्षीदार उभे केले की ड्रायव्हर काय बोलला हे सिद्ध व्हायच्या आधी गाडीत अठरा जण होते हे सिद्ध होतं, आणि साक्षीदारांपैकी प्रत्येकजण त्या दुसऱ्या गुन्ह्यात अंगानं हजर होता. मग अर्ज घेऊन प्रादेशिक परिवहन कार्यालयात जायचं, ते अमरावतीला, पन्नासेक किलोमीटरवर. तिथपर्यंत जायला गाडी कुठली मिळते, हे दर्यापूरकराला सांगायची गरज नाही. 'आपले सरकार'च्या पोर्टलवर घरबसल्या गाऱ्हाणं टाकता येतं, हे खरं. पण ते टाकून देणारा पोरगा बहुधा ड्रायव्हरच्या मेहुण्याच्या दुकानात बसतो. एवढ्या चाळण्यांतून जी तक्रार खाली पडते, ती गावाबाहेरच्या माणसाची असते किंवा फार दुखावलेल्याची. तिच्यावरून रस्त्यावरच्या धोक्याचा अंदाज बांधणं म्हणजे लग्नात कोण रुसलं यावरून स्वयंपाकाची चव ठरवणं.

याउलट कुणाच्या तक्रारीची वाट न बघता ठरवलेली एक यादीही आपल्याकडे आहे. रस्ते सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयानं न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनं २०१५ च्या ऑगस्टमध्ये राज्यांना कळवलं, की काही गुन्ह्यांसाठी लायसन किमान तीन महिने थांबवा. वेगमर्यादा मोडणं, लाल दिवा ओलांडणं, मालवाहू गाडीत जादा माल भरणं, मालवाहू गाडीतून माणसं नेणं, पिऊन चालवणं आणि चालवताना मोबाइलवर बोलणं. सहाच्या सहा गुन्हे हाताचे, पायाचे आणि डोळ्याचे. मोबाइलवर बोलण्यात जीभ असते खरी, पण गुन्हा बोलण्याचा नाही, लक्ष उडण्याचा आहे. ही यादी मला नियम २१ पेक्षा शहाणी वाटते. तिच्यात कमी आहे ती एका गोष्टीची, आणि नेमकी तीच वऱ्हाडाची मुख्य आहे: प्रवासी गाडीत जादा प्रवासी. त्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९४-अ आलं. जादा प्रवाशामागं दोनशे रुपये दंड, आणि जादा माणसं उतरवून त्यांची दुसरी सोय होईपर्यंत गाडी हलवायची नाही. दंडाचा हिशेब ड्रायव्हर आपल्याआधी करतो. जादा शीटमागं चाळीस रुपये मिळतात असं धरलं तर पाच फेऱ्यांत दंड वसूल. म्हणजे पाच फेऱ्यांत एकदा पकडलं गेलं तरी ना नफा ना तोटा, आणि परिवहन खात्याच्या पथकाचं नाव 'वायुवेग' असलं तरी वारा काही रोज एकाच फाट्यावर वाहत नाही. राहिली दुसरी सोय. उतरवलेली माणसं ज्या दुसऱ्या गाडीत चढणार, ती काळी-पिवळी असते आणि तिच्यात आधीच सोळा जण असतात. म्हणून दंडाला जे जमत नाही ते लायसनाच्या तपासणीनं करावं. पण ती तपासणी योग्य माणसाची व्हायला हवी.

यावर पहिला आक्षेप येईल तो बायकांच्या बाजूनं, आणि तो वजनदार आहे. असभ्य वागणं तुम्ही जिभेवर ढकलून मोकळे झालात, पण आरशातून रोखलेली नजर, शीट देताना केलेला शेरा, गर्दीच्या आडोशानं केलेला स्पर्श, हेही वागणंच आहे. त्याची तक्रार बाईनं करायची की नाही? करायचीच, आणि तिच्यावरून लायसन त्याच दिवशी हातात घ्यायचं. माझं भांडण तक्रारीशी नाही, यादीशी आहे. हा उर्मटपणा नाही, हा धोका आहे. गाडीतून उतरता येत नाही अशा ठिकाणी बाईला कोंडून केलेला त्रास हा ब्रेक निकामी असण्याच्या रांगेतला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम ७५ आणि ७९ आहेत. तो नुसता खात्याचा विषय राहत नाही. उलट, ही तक्रार आणि "सुटे नाईत काय बे?" ही तक्रार एकाच गठ्ठ्यात, एकाच शिक्क्यानं आवक झाली की दुसरीच्या संगतीत पहिलीही पोरकट वाटू लागते, आणि "मिटवून घ्या" हा जो आपला राष्ट्रीय सल्ला आहे तो दोघींनाही मिळतो. आणखी एक. गर्दीचा आडोसा तयार कोण करतं? तोच गोड आवाज. सहाव्याला चौघांच्या जागेत बसवणारा ड्रायव्हर स्वतः निर्मळ असला, तरी ज्याचे हात निर्मळ नाहीत त्याला त्यानं जागा करून दिलेली असते.

दुसरा आक्षेप पोटातून येतो. गाडीत बाराच घ्या म्हणणं सोपं आहे. तेरावा काय चालत जाईल? एकेकाळी शकुंतला होती. मूर्तिजापूर ते अचलपूर अशी ती नॅरोगेज गाडी दर्यापूरच्या बनोसा स्टेशनावरून दुडकत जायची, आणि ती एवढ्या सावकाश जायची की ड्रायव्हर बेफाम हाकतो अशी तक्रार तिच्याबद्दल कुणाच्या स्वप्नातही आली नसती. ती बंद पडली. एसटी आहे, पण एसटीची वेळ ही फलकावरची गोष्ट असते. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एसटीचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला, तेव्हा सरकारनंच खासगी गाड्यांना प्रवासी नेण्याची मुभा दिली. एरवी बसस्थानकापासून दोनशे मीटरच्या आत दिसल्या तर हाकलायच्या, त्याच धंद्याला त्या महिन्यांत पाट-रांगोळी झाली. 'अवैध वाहतूक' एका रात्रीत वैध झाली, आणि संप मिटल्यावर पुन्हा एका रात्रीत अवैध. ज्या ड्रायव्हरच्या चारित्र्यात सरकारी आदेशानं असे चढउतार होतात, त्यानं वागणुकीचे धडे कुणाकडून घ्यावेत? हा आक्षेप मला मान्य आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. तेराव्याची सोय करणं हे सरकारचं काम आहे, ड्रायव्हरच्या मांडीचं नाही. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटात मिळू लागली. तेव्हा 'थोडं सरका न' ऐकणाऱ्या कितीतरी मावश्या एसटीकडे वळल्या. म्हणजे सोय झाली की माणसं मांडीवरून उतरतात. मांडी ही काही वऱ्हाडची संस्कृती नाही, ती गैरसोय आहे. फक्त आपण तिला नातं लावलं आहे.

तिसरा आक्षेप रोजीरोटीचा. लायसन गेलं तर घर कसं चालेल? हा प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असतं आणि तोंडात बहुधा त्याच ड्रायव्हरनं दिलेला खर्रा. पण प्रश्न खोटा नाही. म्हणूनच कायद्यानं ऐकून घेण्याची, कारणं लिहिण्याची आणि तीस दिवसांत अपील करण्याची वाट ठेवली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं लायसन परत मिळवण्याआधी उजळणीचा अभ्यासक्रम करण्याची तरतूदही आणली. माझ्या मताप्रमाणे चालायचं तर उलट पुष्कळ घरं वाचतील, कारण नुसत्या तोंडाळपणासाठी कुणाचं लायसन जाणार नाही. त्याला अभ्यासक्रमाला बसवावं, समज द्यावी, फार तर माफी मागायला लावावी. वऱ्हाडी बोलीचा तर अधिकाऱ्यानं वेगळा विचार करावा. अधिकारी बाहेरगावचा असला की "काय बे, कानात बोळे घातले काय?" हे वाक्य कागदावर उतरताना "चालकाने प्रवाशाच्या श्रवणशक्तीबाबत अवमानकारक उद्गार काढले" असं होतं, आणि वाचताना अंगावर काटा येतो. मूळ वाक्य मात्र इथं दोन मित्रांत रामरामाच्या जागी चालतं. 'बे' शिवी कधी आणि माया कधी, हे आवाजावर ठरतं, आणि आवाजाची आवक-जावक नोंद होत नाही. टपावरची माणसं मात्र मोजता येतात. जे मोजता येतं ते सोडून जे मोजता येत नाही त्याच्यामागं लागायचं, ही हौस सरकारी वेळ भरपूर आहे असं धरूनच परवडते. वेळ हवा तेव्हा आपल्याकडे तोही वाचवता येतो: २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विश्वविक्रम झालाच की. रस्ता पाच दिवसांत होतो, तर गाडीतली माणसं मोजायला किती वेळ लागावा?

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. गोड ड्रायव्हरविरुद्ध तक्रार येत नाही म्हणता, मग त्याला तपासायचं कशावरून? त्याचं उत्तर आहे त्याच फाइलीत पडून आहे, आणि ते काढायची रीतही जवळच सापडते. शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव हे गाडगेबाबांचं जन्मगाव. त्यांची कीर्तनाची रीत अशी, की उपदेश करायचा नाही, प्रश्न विचारायचे आणि उत्तर समोरच्याच्या तोंडून काढायचं. परिवहन अधिकाऱ्यानं तेच करावं. उर्मट बोलल्याची तक्रार आली, की ड्रायव्हर काय बोलला हे सगळ्यांत शेवटी विचारावं. आधी विचारावं, बोलला तेव्हा गाडीत किती जण होते? तुम्ही कुठं बसला होता? तुमच्यानंतर किती चढले, आणि त्यांना बसवताना तो काय म्हणाला? मग त्या मार्गावरच्या ज्या गाडीबद्दल कधीच कुणाची तक्रार नाही, ती एकदा फाट्यावर थांबवून तिच्यातलीही डोकी मोजावी. जिथं इतका गोडवा, तिथं गर्दी असायचीच. पण सुरुवात अर्जापासून. असा अर्ज साधारण एकाच वळणाचा असतो: मी अमुक गावचा राहणार, दर्यापूरहून निघालेल्या गाडीत ड्रायव्हरच्या उजव्या बाजूला बसून शांतपणे प्रवास करत असताना, चालकानं मला सर्वांसमक्ष "पाय तिकडं घे न बे" असे अपशब्द वापरले, तरी त्याचं लायसन रद्द व्हावं ही विनंती. अधिकारी लाल पेन काढतो आणि 'अपशब्द' या शब्दाखाली रेघ ओढतो. ती रेघ थोडी अलीकडे सरकवायला हवी, 'ड्रायव्हरच्या उजव्या बाजूला बसून' या शब्दांखाली. आणि हे त्याला सांगायचंच झालं तर तेही दर्यापूरच्या रिवाजानं, गोड आवाजातच सांगावं: साहेब, थोडं सरका न.